वैनगंगेच्या काठाने सायकलवरून: रात्रीचे मुक्काम कुठे आणि कसे करावेत?

कारधाकाठ (धागाकर्ता)

दिवाळीनंतर भंडाऱ्याहून निघून वैनगंगेच्या काठाकाठाने गडचिरोली जिल्ह्यातल्या मार्कंड्यापर्यंत, आणि जमलेच तर पुढे आष्टीपर्यंत, सायकलने जाण्याचा आमचा विचार आहे. आम्ही तिघे आहोत, तिघेही नोकरदार, आणि तिघांच्याही सायकली साध्या गिअरच्या आहेत. मार्ग ढोबळमानाने असा आखला आहे: भंडारा, आंभोरा, पवनी, ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी, मार्कंडा. मोठ्या रस्त्याने हे अंतर फार नाही, परंतु आम्हांला मोठा रस्ता शक्यतो टाळून नदीजवळच्या गावरस्त्यांनी जायचे आहे, म्हणून घाई करणार नाही.

या प्रवासात किती किलोमीटर कापले यापेक्षा रात्री कुठे राहिलो यालाच अधिक महत्त्व आहे, असे मला वाटते. तालुक्याच्या गावी लॉज मिळतो, पण दार लावून घेतले की बाहेर वैनगंगा आहे की आणखी काही, याने काहीच फरक पडत नाही. तेव्हा ज्यांनी या पट्ट्यात रात्री काढल्या आहेत, त्यांनी कुठे राहिलात, कुणी ठेवून घेतले, काय खाल्ले आणि पुन्हा तिथे जाल का, हे कृपया सविस्तर लिहावे.

घाटपवनी

पवनीत एक रात्र राहिलेच पाहिजे, आणि तिथे दुपारी चारच्या आत पोहोचले पाहिजे. बहुतेक लोक अंधार पडताना येतात, घाटावर हात जोडतात आणि सकाळी निघून जातात. त्यामुळे गावाचा निम्माअधिक भाग त्यांना दिसतच नाही. जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून उत्खनन केले, त्यात मौर्य-सातवाहन काळातील मोठ्या स्तूपाचे अवशेष निघाले. जुन्या तटबंदीचा मातीचा उंचवटा आजही गावाभोवती चालत पाहता येतो. सायकल घेऊन त्या कडेने फिरा. दोन हजार वर्षांपूर्वी नदीच्या या वळणावर एवढे मोठे नगर का वसले असेल, याचे उत्तर तिथून पात्राकडे पाहिले की आपोआप मिळते.

मुक्कामासाठी वैजेश्वर घाटाच्या बाजूला चौकशी करावी. देवळांच्या आसपास उतरण्याची साधी सोय होते, अंथरूण-पांघरूण मात्र आपले हवे. पहाटे घाटावर स्नानाला येणाऱ्या बायकांचा आवाज सुरू झाला की झोप आपोआप उघडते. मी नोकरीनिमित्त बाहेर असतो, पण गावी आलो की अजूनही ओसरीऐवजी घाटाच्या पायऱ्यांवरच रात्री उशिरापर्यंत बसतो.

डोंगा

पवनीच्या आधी आंभोऱ्याला थांबा. वैनगंगा, कन्हान, आम, मुरझा आणि कोलारी अशा पाच नद्यांचा तिथे संगम मानतात. टेकडीवर चैतन्येश्वराचे देऊळ आहे. 'विवेकसिंधु'कर्ते मुकुंदराज यांचे वास्तव्य तिथे होते, अशी आपल्या भागाची श्रद्धा आहे. अंबाजोगाईकरांचाही तोच दावा आहे, तो वाद येथे नको. आता नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांना जोडणारा केबलचा नवा पूल झाल्यामुळे शनिवार-रविवारी फार गर्दी होते. आठवड्याच्या मधल्या दिवशी जा.

पर्यटक पुलावरून फोटो काढून परततात. तुम्ही रात्र ढिवरांच्या, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांच्या, वस्तीजवळ काढा. संध्याकाळी जाळी टाकायला जाणारे डोंगे आणि पहाटे धुक्यातून परतणारे डोंगे, दोन्ही पाहायला मिळतील. मासे उतरवून घेताना हात लावला तर कुणी नको म्हणत नाही. भात आणि ताज्या मासळीचा रस्सा, त्यावर भरपूर सांबार (म्हणजे कोथिंबीर), एवढेच जेवण असते आणि तेवढे पुरते. एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहितो. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तिथून याच पाण्यात येते. ते पिऊ नका, आणि जलपर्णी दाटलेली दिसेल तिथे पोहायलाही उतरू नका. ज्यांची उपजीविका या पाण्यावर आहे त्यांना हे रोज सोसावे लागते.

साकोलीसायकल

सुट्या ट्यूब जास्तीच्या घ्या. गावरस्त्याच्या कडेला बाभळीचे कुंपण तोडून टाकलेले असते आणि कापणीच्या दिवसांत तो काटा रस्ताभर पसरलेला असतो.

झाडीचीलेक

दिवाळीनंतर जात आहात, हे फार चांगले केले, कारण भाऊबीजेपासून आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे वैनगंगेकाठच्या या पूर्व विदर्भात, मंडईचे म्हणजे गावजत्रेचे दिवस सुरू होतात. एकेका गावाची मंडई एकेका दिवशी असते, सासरी गेलेल्या मुली माहेरी आलेल्या असतात, प्रत्येक घरी पाहुणे असतात आणि रात्री नाटक असते. वडसा हे या नाट्यकंपन्यांचे केंद्र. तिथल्या कार्यालयांबाहेर लागलेले फलक पाहिले की आज कुठल्या गावी कुठला प्रयोग आहे ते कळते. हा हंगाम होळीपर्यंत चालतो.

मी आणि माझी मैत्रीण आरमोरीकडून येत असताना एका गावात पाणी प्यायला थांबलो. त्या दिवशी तिथे मंडई होती. ज्या घरी पाणी मागितले तिथल्या आजींनी विचारले, "आता राती कुठं जाता जी? आमच्या पोरी आल्या हायेत, त्याहिच्याच संगं ऱ्हा." आम्हांला सपरीत (ओसरीत) बाजा, म्हणजे खाटा, टाकून दिल्या, पण त्यांवर पाठ टेकलीच नाही. जेवण झाल्यावर घरातल्या सगळ्या मुली, सुना आणि लहान पोरे दुपट्टे-चादरी घेऊन निघाली आणि आम्हीही त्यांच्याबरोबर निघालो. शेतात कापणी झालेल्या बांध्यांवर (धानाच्या वाफ्यांवर) मांडव होता, खाली तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, अंथरलेली होती. नाटक रात्री उशिरा सुरू झाले आणि उजाडेपर्यंत चालले. मधल्या वेळात पायपेटी आणि ढोलकी अशी काही रंगली की पुरुषांच्या बाजूने पुन्हा-पुन्हा तेच गाणे मागितले गेले. पहाटे इतके दव पडले की सायकलींच्या सीट निथळत होत्या. घरी आलो तर आजींनी चहा आणि तांदळाच्या पिठाच्या गरम भाकरी तयार ठेवल्या होत्या.

झोप न झाल्यामुळे दुसऱ्या दिवशी थोडेच अंतर गेलो, पण धागाकर्त्यांच्या प्रश्नाला माझे उत्तर त्याच रात्रीचे आहे. शिवाय बाई म्हणून सांगते, नाटकाच्या त्या गर्दीत मला क्षणभरही असुरक्षित वाटले नाही, कारण मी एका घरची पाहुणी आहे हे साऱ्या गावाला माहीत होते. मुली सायकलने जाणार असतील तर त्यांनी गावात शिरल्यावर आधी एखाद्या घरातल्या वयस्कर बाईंशी बोलावे. पुढचे सगळे त्या बघून घेतात.

धानबांधी

वरचे सर्व वाचून आनंद झाला, तरी माझे मत वेगळे आहे आणि ते मांडणे मला आवश्यक वाटते. मी शेतकरी आहे. दिवाळीनंतरचे दिवस आमच्याकडे कापणी, बांधणी आणि पुंजणे (धानाच्या गंजी) रचण्याचे असतात. अवकाळी पाऊस आला तर कापून पडलेला धान भिजतो, म्हणून घरातले प्रत्येक माणूस उजाडण्यापूर्वीपासून शेतात असते. अशा वेळी तीन अनोळखी माणसे संध्याकाळी दारात उभी राहिली तर आमच्या घरातून नाही असा शब्द येणार नाही, कारण तो येतच नाही. पण स्वयंपाक करणारी बाई दिवसभर विळ्याने धान कापून आलेली असते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चारला तिला पुन्हा उठायचे असते. प्रवासवर्णनांत "गरीब असूनही किती मोठे मन" असे लिहिलेले वाचतो तेव्हा त्या बाईच्या श्रमाचा उल्लेख कुठेच नसतो.

म्हणून माझी विनंती आहे की मुक्काम अवश्य गावात करावा, पण घरावर पडू नये. शाळा, समाजमंदिर, देऊळ अशा सार्वजनिक जागी राहावे आणि शिधा स्वतःचा न्यावा.

झाडीचीलेक

धानबांधी, तुमचे म्हणणे मला पटते आणि त्यात भर घालते. आम्ही त्या घरी भाज्या चिरल्या, भांडी घासली आणि निघताना पैसे देऊ केले, ते आजींनी घेतले नाहीत. मग त्यांच्या नातीकडून शाळेत काय लागते ते समजून घेऊन नंतर पाठवून दिले. परंतु सगळेच सार्वजनिक जागी राहा म्हणाल तर ज्या आजींना त्या रात्री आम्ही खरोखर हव्या होत्या त्यांचे काय? मंडईच्या दिवशी घरी पाहुणा असणे ही त्यांच्याही आनंदाची गोष्ट असते. माझ्या मते मंडई असलेल्या गावी बोलावणे आले तर घरी जावे. कापणी जोरात असलेल्या गावी मात्र तुम्ही म्हणता तसे शाळेतच राहावे.

धानबांधी

हा भेद मान्य आहे.

गुरुजीलाखांदूर

शाळेत राहण्याविषयी लिहितो, कारण मी अशाच एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो आणि प्रवासी आमच्याकडे अधूनमधून येतात. संध्याकाळी कुलूप लागलेल्या शाळेच्या व्हरांड्यात परस्पर अंथरूण घालू नये. आधी सरपंच किंवा पोलिस पाटील यांना भेटावे, नावे सांगावीत, ओळखपत्र दाखवावे आणि कुठून कुठे जात आहोत ते सांगावे. एवढे केले की पुढच्या गावच्या पोलिस पाटलांनाही बहुधा तेच फोन करून ठेवतात. गडचिरोली जिल्ह्यात शिरल्यावर तर ही पद्धत अजिबात चुकवू नये. दुसरी गोष्ट, सकाळी शाळा भरण्यापूर्वी जागा झाडून मोकळी करावी. तिसरी, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची: जमले तर परिपाठ होईपर्यंत थांबावे. आमच्या मुलांनी गिअरची सायकल जवळून पाहिली, नकाशावर भंडारा ते मार्कंडा अशी नदी बोटाने दाखवली आणि मग एकेकाने आपल्या मामाचे गाव कुठल्या काठावर आहे ते शोधले. नदीचा धडा त्या दिवशी जितका समजला तितका एरवी समजत नाही.

वनवाट

राहण्याइतकेच निघण्याच्या वेळेविषयी बोलणे गरजेचे आहे. ब्रह्मपुरी वनविभागात वाघ आहेत आणि ते अभयारण्याच्या हद्दीत नव्हे, तर गावांच्या, शेतांच्या आणि तलावांच्या आसपास आहेत. शेतात वाकून काम करणाऱ्या, सरपण किंवा मोहफुले वेचायला गेलेल्या माणसांवर या भागात हल्ले झाले आहेत. म्हणून पहाटे अंधारात निघून भरपूर अंतर कापायचे, ही सायकलस्वारांची नेहमीची सवय इथे ठेवू नये. ऊन वर येईपर्यंत गावातच थांबावे आणि सायंकाळी पाचच्या आत मुक्कामी पोहोचावे. शेतातल्या मचाणावर झोपण्याची हौस पुष्कळांना असते. जागल (रात्रीची राखण) करणारा शेतकरी सोबत असला तरीही माझा सल्ला नको असाच राहील.

पवनीजवळच्या गोसेखुर्द धरणाच्या उजव्या कालव्याच्या कडेचा रस्ता काही जण सुचवतील. हा कालवा ९९ किलोमीटर लांबीचा असून असोलामेंढ्याच्या तलावाकडे जातो. कडेचा रस्ता सपाट आहे, वाहने जवळजवळ नाहीत, सायकलला तो अगदी सोयीचा वाटतो. पण तो मधेमधे झुडपी जंगलातून जातो आणि वस्तीपासून दूर आहे. भर दुपारी, एकत्र, स्थानिकांना विचारून जायला हरकत नाही. एकट्याने जाऊ नये.

वर्धातीर

वर्धा नदीच्या काठी कधी येणार? कौंडण्यपूरला आमच्याकडेही घाट आहे, देऊळ आहे आणि मुक्कामाची सोय आहे. तुम्ही वैनगंगेने गेलात काय आणि आमच्या वर्धेने आलात काय, शेवटी या दोन्ही नद्यांची भेट व्हायचीच आहे!

जुनेगाव

या धाग्यावर पुष्कळ दिवस नुसते वाचत होतो, आज लिहितो. तुमच्या मार्गावर आंभोरा ते पवनी या टप्प्यात उजवीकडे-डावीकडे जे पसरलेले पाणी दिसेल, त्याखाली आमचे गाव आहे. गोसेखुर्द प्रकल्पाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते झाले, तेव्हा मी लहान होतो. पाणी प्रत्यक्षात येईपर्यंत वर्षानुवर्षे गेली, आणि त्या सगळ्या वर्षांत गावात कुणी नवीन घर बांधले नाही, कुणी जुने नीट दुरुस्त केले नाही. शेवटी आम्ही नव्या वसाहतीत आलो. इथे रस्ते सरळ आहेत, प्लॉट सारखे आहेत, पाण्याची टाकी आहे. नदी नाही. ज्यांचे आजोबा दर सकाळी नदीवर जात, त्यांची मुले आता नदी पाहायला धरणावर, म्हणजे सहलीला, जातात.

उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी उतरले की काही गावांच्या देवळांचे वरचे भाग, वाळलेली झाडे आणि विहिरींचे काठ उघडे पडतात. तेव्हा आमच्यातली काही वयस्कर माणसे चिखल तुडवून तिथपर्यंत जातात आणि नारळ फोडून येतात. तुम्ही दिवाळीनंतर येणार, तेव्हा तिथे फक्त पाणीच असेल, आणि ते फार सुंदर दिसते. स्थलांतरित पक्षीही येऊ लागलेले असतात. त्या सौंदर्याविषयी माझी तक्रार नाही. या पाण्याने खालच्या पट्ट्यात दुसरे पीक उभे राहिले असेल तर त्याचाही मला आनंदच आहे.

माझे म्हणणे एवढेच, की या प्रवासातली एक रात्र पुनर्वसित गावात काढा. मार्गदर्शिकांमध्ये या वसाहतींची नावे नसतात. देऊळ नवे आहे, पण आतली मूर्ती जुन्या गावातून आणलेली आहे. समाजमंदिरात झोपायला जागा आहे. जेवणानंतर म्हातारी माणसे येऊन बसतील आणि जुन्या गावातली गल्ली न् गल्ली, कुणाचे घर कुठे, आंब्याचे झाड कुणाच्या धुऱ्यावर (शेताच्या बांधावर), घाटाला किती पायऱ्या, सगळे सांगतील. ते ऐकून घेणारे कुणी आले तर त्यांना बरे वाटते. आमच्या मुलांना ते सांगून झालेले आहे.

घाटपवनी

जुनेगाव, मी पवनीचा असूनही त्या वसाहतीत कधी थांबलो नाही. तुम्ही म्हणता तो मुक्काम पवनीच्या आधी एक दिवस ठेवला, तर धागाकर्त्यांचा कार्यक्रम बिघडणार नाही. धरणाचे ३३ दरवाजे पाहून लोक परततात, हे खरेच आहे.

कोसाआरमोरी

आरमोरीला थांबणार असाल तर कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, काम पाहिल्याशिवाय निघू नका. आपल्या भागात ऐनाच्या झाडांवर किडे वाढवून कोश तयार करण्याचे काम ढिवर समाजाची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत. कोश काढणीचा काळही साधारण तुमच्याच प्रवासाच्या सुमारास येतो. किडे झाडावर असताना त्यांना पक्ष्यांपासून जपण्यासाठी जंगलात झोपडी बांधून राहावे लागते. तिथे मुक्काम मागू नका, कारण त्या काळात ते स्वच्छतेचे आणि सोवळ्याचे कडक नियम पाळतात. गावात मात्र कोश, सूत आणि कापड दाखवणारे आनंदाने भेटतील. वेळ असल्यास वैरागडचा किल्ला इथून फार लांब नाही.

चामोर्शीवळण

मार्कंड्याचा विषय अजून कुणी नीट काढला नाही, म्हणून लिहितो. दक्षिणेकडे वाहत आलेली वैनगंगा मार्कंड्याजवळ वळून उत्तरेकडे जाते, त्यामुळे हे स्थान पवित्र मानतात. काठावरची देवळे सुमारे हजार वर्षांपूर्वीची आहेत. एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी त्यांची नोंद घेतली होती. मुख्य देवळाचे जीर्णोद्धाराचे काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने हाती घेतले आणि ते अनेक वर्षे रेंगाळले. दगडांवर आकडे घालून ते सुटे मांडून ठेवलेले पाहताना आमच्यासारख्या दर सोमवारी जाणाऱ्यांना फार वाईट वाटत आले आहे. तरीही भिंतींवरील शिल्पे पाहायला अख्खी सकाळ द्यावी.

महाशिवरात्रीच्या यात्रेत इथे पाय ठेवायला जागा नसते. तुमच्या दिवसांत धर्मशाळेत सहज जागा मिळेल. संध्याकाळची आरती झाल्यावर पात्रातल्या वाळूवर जाऊन बसा, पण वनवाट यांनी लिहिले ते इथेही लागू आहे: रात्री काठाकाठाने भटकू नका.

कारधाकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. विचारले त्यापेक्षा पुष्कळ अधिक मिळाले आणि आम्ही तिघांनी बसून आराखडा बदलला आहे. पहिला मुक्काम आंभोऱ्याला, दुसरा जुनेगाव यांनी सुचवलेल्या पुनर्वसित वसाहतीत, तिसरा पवनीला. जुनेगाव, कोणती वसाहत ते कृपया व्यक्तिगत निरोपातून कळवा. आम्ही शिधा घेऊन येऊ आणि रात्री ऐकायला बसू. माझ्या आईचे माहेर त्या पट्ट्यातले आहे, तेव्हा तीही एस.टी.ने तिथे येऊन थांबू म्हणते आहे.

ब्रह्मपुरीच्या टप्प्यात ऊन वर आल्यावरच निघायचे, आणि कालव्याचा रस्ता फक्त दुपारी घ्यायचा, हे ठरले. वडशाला फलक पाहून ज्या गावी नाटक असेल तिकडे वळू. तिथे बोलावणे आले तर घरी, नाही तर गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे पोलिस पाटलांना भेटून शाळेत. चामोर्शीवळण यांच्या सांगण्यावरून मार्कंड्याला एक पूर्ण दिवस राखला आहे. आता एकच प्रश्न उरतो: आष्टीहून सायकलींसह परत कसे यावे?

वडसाजंक्शन

मार्कंड्याहूनच परतणार असाल तर वडशाचे स्थानक गोंदिया-बल्लारशा मार्गावर आहे, पण त्यासाठी तुम्हांला आल्या वाटेने मागे यावे लागेल. आष्टीपर्यंत जाणारच असाल तर मागे फिरू नका. आष्टीला वैनगंगेवरचा पूल ओलांडला की समोर गोंडपिपरी, आणि तिथून कोठारीमार्गे बल्लारशा. रस्ता जंगलातला असल्याने हा टप्पा दिवसाउजेडी पुरा करा. बल्लारशाहून गोंदियाकडे आणि नागपूरकडे, दोन्हीकडे गाड्या मिळतात. सायकली पार्सलने टाकायच्या असल्यास गाडीच्या बऱ्याच आधी स्थानकावर पोहोचा आणि हवा थोडी कमी करून ठेवा.

धानबांधी

परतीचा दिवस ठरला की इथे लिहा. गोंडपिपरी-कोठारी रस्त्यावर माझ्या बहिणीचे गाव आहे. तिची कापणी तोपर्यंत आटोपलेली असेल, मी विचारून घेतले आहे. दुपारच्या जेवणाला तिच्याकडे थांबा.